गुरुपौर्णिमेनंतरचा गुरुवार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुपौर्णिमा थाटात झाली. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, चपलांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली, शिऱ्याचं दुसरं पातेलं चढवावं लागलं. पुढच्या गुरुवारी आम्ही पाच-सहा जणी नेहमीसारख्या सतरंज्या घालायला गेलो, तर चार सतरंज्यांत सगळे मावले. हे दरवर्षीचंच आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही. पण यंदा आरतीनंतर तबक ठेवता ठेवता एका काकूंनी विचारलं, "अगं, ती भंवरकुआची मुलं कुठे गेली? मागच्या वर्षी तर ओळीने बसायची."

मागच्या वर्षी ती मुलं फर्स्ट इयरला होती. खंडवा, बुऱ्हाणपूर, खरगोन, दोन-तीन भुसावळ-जळगावकडची. घरून आईने बजावलेलं, "इंदूरला गेलास की गुरुवारी दर्शनाला जात जा." त्यातून आपल्याकडे गरम वरणभात, म्हणजे मेसच्या जेवणातून सुटका. पुढच्या गुरुवारी यंदाची नवी मुलं आली, त्यांचं आपण कौतुकही केलं. सेकंड इयरची मात्र एक-दोनच. त्यावरून हे लिहायला घेतलं आहे. ज्यांच्या घरातली मुलं-नातवंडं यंदा दुसऱ्या वर्षाला गेली आहेत, त्यांनी जरा सवडीने वाचावं.

कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी स्वागताचा कार्यक्रम असतो. यूजीसीने २०१९ साली त्याची एक मार्गदर्शिकाच काढली आणि तिचं नाव ठेवलं 'दीक्षारंभ'. आपल्या संप्रदायातल्या माणसाला हे नाव ऐकून बरं वाटतं. नवीन मुलाला कॉलेज दाखवायचं, शिक्षकांची ओळख करून द्यायची, त्याला एकटं वाटू द्यायचं नाही, असा तो विचार. फार चांगला आहे. पण दीक्षेचा आरंभ झाल्यावर पुढे काय? दुसऱ्या वर्षी कुणी दारात उभं नसतं. बहुतेक ठिकाणी होस्टेलच्या खोल्या नव्या मुलांना लागतात, मग ही मुलं पीजीत नाहीतर फ्लॅटवर जातात. ब्रँच वेगळी झाली की पहिल्या वर्षीचे मित्र विखुरतात. अभ्यास एकदम चढतो. नवेपणा गेलेला, आणि नोकरी-बिकरी अजून लांब. घरचेही निर्धास्त, "आता रुळला आहे तो." अमेरिकेत शिकलेला आमचा भाचा सांगत होता, तिकडे दुसऱ्या वर्षाच्या या मरगळीला नावच आहे, 'सोफोमोर स्लम्प'. आपल्याकडे नाव नाही, म्हणून ती दिसत नाही असं आम्हाला वाटतं.

खरं सांगायचं तर आपल्याला ती ओळखता यायला हवी. अनुग्रह झाला ते पहिलं वर्ष आठवा. पहाटे आपोआप जाग यायची, माळ हातातून सुटत नव्हती, जो भेटेल त्याला महाराजांच्या गोष्टी सांगायचो. आणि दुसरं वर्ष? माळ जड व्हायला लागली. पोथी उघडायची, पण मन भाजीच्या पिशवीत. आपल्यात कित्येकांनी सेवा सोडली ती याच टप्प्यावर. टिकलो ते टिकलो कुणामुळे, हेही आठवा. कुणी प्रवचन दिलं म्हणून नाही. कुणीतरी घरी येऊन म्हणालं, "अहो, गुरुवारी निरांजनाच्या वाती वळायला कुणी नाहीये, येता का?" तेवढंच.

आता घरचंच सांगतो. लेकीला विचारूनच लिहितो आहोत.

आमची लेक पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. पहिलं वर्ष मजेत. रोज व्हिडिओ कॉल, रूममेटचं घराणं आम्हाला पाठ. दुसऱ्या वर्षी फोन दोन दिवसांआड, मग आठवड्याने, मग "हो, ठीक आहे, जेवले" एवढंच. रूममेट दुसऱ्या ब्रँचला गेली होती, ही कॉलेजपासून लांब एका फ्लॅटवर. आम्ही दोघांनी काय केलं? रोज सकाळी सुविचार पाठवला. रविवारी पंधरा मिनिटं समजावलं. मामाच्या मुलीचं उदाहरण दिलं (हे तर देऊच नये कधी). दिवाळीनंतर एका रात्री साडेअकराला फोन आला. "आई, मला परत यायचंय. मला इथे कुणी ओळखत नाही." आणि नुसती रडत राहिली. एम-थ्री म्हणजे तिसऱ्या गणितात नापास होणार हेही तेव्हाच कळलं. आम्ही म्हटलं, "असं खचून कसं चालेल? बाबांनी कर्ज काढलंय." तिने फोन ठेवला. पुढे चार दिवस उचलला नाही.

ते चार दिवस आमच्या घरात चूल पेटली ती फक्त नैवेद्यापुरती.

त्याच आठवड्यात सत्संगात गीतेचा पहिला अध्याय चालू होता. इतक्या वेळा वाचलेला. पण त्या दिवशी पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हीही पुस्तक उघडून पाहा. पहिल्या अध्यायात भगवंत किती बोलतात? रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा करतात आणि म्हणतात, पार्था, हे जमलेले कौरव पाहा. संपलं. त्यानंतर अध्याय संपेपर्यंत अर्जुनच बोलतो आहे. अंगाला कंप सुटलाय, तोंडाला कोरड पडलीय, गांडीव हातातून गळतंय, उभं राहवत नाही. भगवंत ऐकून घेताहेत. मध्ये तोडत नाहीत. हा अर्जुन काही नवशिका नव्हे बरं का. शिकून-सवरून, लढाया जिंकून आलेला. तरी त्याचं असं झालं.

दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला दोन श्लोकांत झापतात, हे असलं दुबळेपण तुला शोभत नाही, ऊठ. आणि गंमत पाहा, त्याने काहीच होत नाही! अर्जुन पुन्हा आपलं दुःख सांगतो, मला काही कळत नाही, मी तुमचा शिष्य आहे, शिकवा म्हणतो, आणि शेवटी "मी लढणार नाही" म्हणून गप्प बसतो. त्यानंतर भगवंत किंचित हसतात आणि मग खरी गीता सुरू होते. म्हणजे जे आम्ही फोनवर केलं ते भगवंतांनीही एकदा करून पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की ते दोन श्लोकांत थांबले. आमचे दोन महिने चालले होते.

पाचव्या दिवशी तिने फोन उचलला तेव्हा बाबांनी एवढंच म्हटलं, "यायचं असेल तर ये. तिकीट काढतो. पण आधी काय काय होतंय ते सांग, आम्ही मध्ये बोलणार नाही." पाऊण तास ती बोलली. आम्ही दोघं फोन स्पीकरवर ठेवून ऐकत बसलो. आम्हाला जीभ चावून बसावं लागलं, खोटं कशाला सांगू. ती आली नाही. सेमिस्टर संपेपर्यंत थांबते म्हणाली. गीतेच्या शेवटी, अठराव्या अध्यायात, भगवंतही सगळं सांगून झाल्यावर म्हणतात की नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. ही मुभा दिली नसती तर ती थांबली नसती, असं आमचं मत आहे.

पण नुसतं ऐकून घेतल्याने एकटेपणा जात नाही. कोथरूडला एक गुरुभगिनी राहतात, त्यांना कळवलं. त्यांनी गुरुवारच्या आरतीला बोलावलं तर लेकीने आम्हालाच शास्त्र शिकवलं, "आई, अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये ती कुमारिका आहे ना? हातात दोन बांगड्या राहिल्या तरी वाजतात म्हणून एकच ठेवते ती. एकटं राहायलाच सांगितलंय की." आता काय बोलणार! दोन दिवस विचार केला. मग सांगितलं, अगं, पण अवधूत एका गुरूवर थांबले का? पृथ्वीपासून मधमाशीपर्यंत चोवीस जणांकडे गेले, बघितलं, शिकले, मग एकटे राहिले. त्यांनी एकटेपण निवडलं. तुझ्यावर ते येऊन पडलंय. दोन्ही एक नाही. पटलं की नाही माहीत नाही, पण हसली. बऱ्याच दिवसांनी.

ती गेली ती आरतीसाठी नाहीच. त्या गुरुभगिनी हुशार. त्यांनी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा म्हणाल्या, "नातवाला अपूर्णांक येत नाहीत, आठवड्यातून एक दिवस घेशील का?" तिथे गेली. नातवाला अपूर्णांक आले, हिला दर गुरुवारी घरचं जेवण आणि कुणीतरी वाट पाहणारं मिळालं. मग एक दिवस धीर करून गणिताच्या मॅडमना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भेटली. वर्षभरात ती एकाही शिक्षकाशी वर्गाबाहेर बोलली नव्हती! मॅडमनी रागावणं दूरच, वर्गात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं होती, त्यांच्याबरोबर बसायला सांगितलं. ती मुलं तर अख्ख्या कॉलेजला नवीन, त्यांना पहिल्या वर्षीचे मित्रही नाहीत. लाप्लास म्हटलं की त्यांना घाम फुटायचा, पण मशीन आणि प्रॅक्टिकल हातचा मळ. हिचं नेमकं उलट. चौघं-पाचजणं लायब्ररीत बसायला लागली. एम-थ्रीचा पेपर पहिल्या खेपेला राहिलाच, दुसऱ्या खेपेला सुटला. टॉपर वगैरे काही झाली नाही. आता शेवटच्या वर्षाला आहे, आणि त्या पाचांपैकी दोघं सुट्टीत आमच्याकडे येऊन पोहे-जलेबी खाऊन गेली.

हे झालं आमच्या घरचं. आता सेवेतलं, जे सांगायला जड जातं.

खरगोनकडचा एक मुलगा आपल्याकडे आरतीला तबला धरायचा. पुष्कळांना आठवत असेल. फर्स्ट इयरला एक गुरुवार चुकला नाही. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरपासून येईनासा झाला. आम्ही म्हटलं, अभ्यास वाढला असेल. फेब्रुवारीत त्याच्या रूममेटकडून कळलं की तो नोव्हेंबरमध्येच कॉलेज सोडून घरी गेला. तीन विषय राहिले होते, मेस बंद केली होती, दिवसभर खोलीत झोपून असायचा. आता वडिलांबरोबर कापसाच्या कामात आहे. त्यात कमीपणा काही नाही, सुखी असो. पण आम्ही मोबाईल उघडून पाहिला. सप्टेंबर ते फेब्रुवारी आम्ही त्याला रोज सुप्रभात पाठवलं होतं. "कसा आहेस रे?" एकदाही नाही. तो राहायचा ती गल्ली आपल्या हॉलपासून रिक्षाने दहा मिनिटांवर.

काही जण म्हणतील, नामस्मरण वाढवायला सांगा, सगळं सुरळीत होईल. नामावर आमचीही श्रद्धा आहे. पण श्रीगुरुचरित्रात पाहा, नामधारक गुरुभक्तांच्याच घराण्यातला, गुरूंचं नाव घेतच निघालेला, तरी शिणून वाटेत पडला. त्याला पुढे सिद्धमुनी प्रत्यक्ष भेटावे लागले, जवळ बसवून घ्यावं लागलं, त्याच्या एकेक प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं. सगळी पोथी त्या दोघांच्या बोलण्याचीच आहे. नाम घेणाऱ्यालाही सोबत लागते.

आणि एक स्पष्ट लिहितो. मूल झोपत नाही, खात नाही, आवडीच्या गोष्टीही सोडतंय, किंवा "जगून काय करायचं" असं थट्टेत का होईना बोलतंय, तर तिथे अंगारा लावून थांबू नका. डॉक्टरकडे न्या, स्वतः सोबत जा. ती सेवाच आहे. सरकारची टेलि-मानस नावाची फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत. हा नंबर मुलांच्याही मोबाईलमध्ये असू द्या. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न त्या वेळी मनात आलाच तर पाच मिनिटं देवघरासमोर बसा आणि मग फोन करा.

यंदा आम्ही सेवेकरी बायकांनी एवढं ठरवलं आहे: दर घरामागे दुसऱ्या वर्षाची दोन मुलं. त्यांना फॉरवर्ड पाठवायचे नाहीत. मार्क विचारायचे नाहीत. "आज कुणाबरोबर जेवलास?" हे विचारायचं, त्यावरून पुष्कळ कळतं. महिन्यातून एकदा जेवायला, आणि जेवायला बोलावताना काहीतरी काम सांगायचं. पाहुण्याला परत यायला संकोच वाटतो, कामाच्या माणसाला वाटत नाही. कॉलेजात एनएसएस असेल तर नाव घालायला सुचवायचं. दोन वर्षांत २४० तासांची सेवा असते, सात दिवसांचं शिबिर असतं गावात, आणि सात दिवस एकत्र फावडं धरलं की ओळख आपोआप होते. नवीन मुलांना शहर दाखवायचं, रिक्षा-मेस-झेरॉक्सची दुकानं सांगायची, हे कामही यंदा सेकंड इयरच्या मुलांकडेच द्यायचं आहे.

बडोदा, हैदराबाद, बेळगाव, ग्वाल्हेरच्या गुरुबंधूंनो, तुमच्याकडे आमच्या बाजूची मुलं शिकायला असतील, आमच्याकडे तुमची आहेत. मुलाचं नाव आणि इयर आपापल्या केंद्रातल्या ताईंना वैयक्तिक कळवा, इथे ग्रुपवर टाकू नका. मुलाला आधी विचारा, त्याची इच्छा असेल तरच.

खरगोनला आमच्यातल्या दोघी परवा जाऊन आल्या. तो दुकानातच होता. आधी ओशाळला, मग आईला चहा टाकायला सांगितला. निघताना त्याने विचारलं की तबल्याची शाई निघत होती, ती कुणी भरून घेतली का. नाही घेतली. तबला अजून तसाच कपाटात आहे. येत्या गुरुवारी तो दुरुस्तीला द्यायचा आहे, कुणाच्या ओळखीचा कारागीर असेल तर सांगा.

🙏 श्री गुरुदेव दत्त