निदान

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वैद्याचा, दुसरा ‘निदान एवढं तरी’ म्हणतानाचा. विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलांची गणिताची निदान-चाचणी घ्यावी का, या वादाकडे मी दुसऱ्या अर्थाच्या बाजूने बघते. मुलाचं कुठे अडतंय हे आपण शोधून काढलं, तर निदान काय देणं लागतो?

दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली शोधायचंच टाळलं. चार वर्षांच्या नव्या पदवीत अकरा पायाभूत अभ्यासक्रम सक्तीचे होते, त्यांत गणिती क्षमता वाढवण्याचाही एक. दहावीनंतर गणिताचं तोंड न पाहिलेल्या मुलीला आणि बारावीत गणितात भरघोस गुण मिळवलेल्या मुलाला तोच. जून २०१४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशानंतर सगळा प्रयोग गुंडाळला गेला. त्यात कुणाच्या कपाळी शिक्का बसत नव्हता, हे खरं. पण नाडी न बघता सगळ्यांना एकच काढा पाजणं ही समता नव्हे, सोय आहे. आणि ती सोय देणाऱ्याची.

दुसरं टोक त्याच शहरात, हौज खासला. आयआयटीत अनुसूचित जाती, जमाती आणि अपंग उमेदवारांच्या जागा शिथिल गुणमर्यादेनंतरही रिकाम्या राहिल्या, तर आणखी कमी गुणांच्या मुलांना वर्षभराच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमात घेतात. तो यशस्वीपणे पुरा केला की पुन्हा प्रवेशपरीक्षा न देता थेट पहिल्या वर्षात प्रवेश मिळतो. इथे निदानाबरोबर औषध आहे, तेही एक सबंध वर्षाचं. याला मी क्षुल्लक म्हणणार नाही. तरी एक गोष्ट खुपते. खुल्या यादीतून आलेला मुलगाही कलनात अडतोच, फक्त त्याचं अडणं खासगी राहतं. यादीतल्या मुलाचं अडणं त्याच्या वर्गाच्या नावासकट जाहीर होतं. चाचणी घ्यायची तर सगळ्यांची घ्या, आणि निकाल आधी त्या-त्या मुलाच्या हातात द्या. त्यापुढे शिकवणीचे तास बांधलेले नसतील, तर घेऊच नका. उपचार द्यायचा नसताना रोगाचं नाव सांगून घरी पाठवणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणतो?

आपल्याकडे ‘गणित कच्चं आहे’ म्हणतात. कच्चं ते पिकू शकतं. इंग्रजीतल्या ‘वीक’मध्ये आणि हिंदीतल्या ‘कमज़ोर’मध्ये ती शक्यता दिसत नाही, तिथे जणू प्रकृतीच तशी. (अर्थात मराठीतच ‘ढ’ही आहे, तेव्हा फार मिरवायला नको.)

पण मला भाषांतरकार म्हणून खरी धास्ती वेगळी आहे. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेशपरीक्षा तेरा भाषांत होते. त्यांत मराठीही आहे. म्हणजे लातूरची मुलगी मराठीतून परीक्षा देऊन दिल्लीत येऊ शकते. पहिल्या आठवड्यात तिच्यापुढे इंग्रजी चाचणी येते. ‘डिनॉमिनेटर’पाशी ती थबकते. शेजारची मैत्रीण हळूच सांगते, ‘हर’. हिला तोही शब्द परका, कारण हिच्या वहीत तो ‘छेद’ होता. अपूर्णांकांची बेरीज हिला तिसऱ्या बाकावरच्या कुणाहीइतकी येते. तपासणारा मात्र कोऱ्या जागेपुढे शून्य मांडतो, आणि ते शून्य गणिताच्या रकान्यात जातं.