जागरण आणि जाग

आमच्या वसईकडच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी संध्याकाळची मिस्सा संपली की वेदीवरची वस्त्रे उतरवतात आणि पवित्र साक्रामेंतापुढे मध्यरात्रीपर्यंत आळीपाळीने आराधना चालते. गेथशेमाने बागेतल्या रात्रीची ही आठवण. पकडले जाण्यापूर्वी येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ नेले, जागे राहून प्रार्थना करायला सांगितले. परत येऊन पाहतो तो तिघेही झोपलेले. असे तीनदा झाले.

लहानपणी मला या तिघांचा राग यायचा. साधा एक तास जागता येऊ नये?

पुढे बाबांच्या शेवटच्या रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी बसलो होतो. आई चार रात्रींची जागलेली. तिला बळेच निजवले होते. पहाटे कधीतरी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाबा गेले होते. त्यानंतर कित्येक वर्षे गुरुवारच्या आराधनेत मान वर करण्याची मला हिंमत झाली नाही.

मत्तय आणि मार्क सांगतात की शिष्यांचे डोळे जड झाले होते. लूक वेगळे कारण देतो : ते दुःखाने झोपी गेले. आणि दहा कुमारींच्या दाखल्यात, वराला उशीर झाला तेव्हा, दहाही जणी पेंगल्या. शहाण्यासुद्धा. फरक पडला तो तेलाने. ते मध्यरात्री धावाधाव करून मिळत नाही, आधीच भरून ठेवावे लागते.

माझा खरा अपराध मला इथे सापडला. आजारपणाआधीची दोन वर्षे बाबा वाडीतून आले की माझ्याजवळ येऊन बसत. त्यांना काहीतरी सांगायचे असे. मी वर्तमानपत्रातून डोके न काढता 'हं' म्हणे. तेव्हा मी टक्क जागा होतो, आणि झोपलेलो होतो.

येशूने त्या तिघांकडे सुटका मागितली नव्हती, सोबत मागितली होती. जागरण अंगाला घडते, एखाद्या रात्री. जाग मनाला यावी लागते, आणि ती रोज थोडी थोडी साठवावी लागते. माझ्यापुरती प्रार्थना म्हणजे हीच साठवण : दिवस मावळल्यावर दहा मिनिटे देवासमोर बसून, आज कोणाचे बोलणे आपण नुसत्या हुंकारावर ढकलले ते आठवायचे.

कोणी म्हणेल, ही तर स्वतःच्या झोपेची सोयीस्कर कैफियत. असेलही. पण उशिरा आलेल्या पाच जणींना दार उघडले नाही, हेही त्याच दाखल्यात आहे. बाबांच्या त्या संध्याकाळी मला परत मिळणार नाहीत. आणि तिसऱ्यांदा झोपलेल्या शिष्यांना येशूने उठवून सोबत चलायला सांगितले, हेही त्याच शुभवर्तमानात आहे. दोन्ही खरे मानून मी जगतो.

आता रोझरी झाली की आई जुन्या गोष्टी काढते. परवा तिने विहिरीवरच्या रहाटाची गोष्ट सांगितली, बहुधा दहाव्यांदा. मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि विचारले, "मग काय झालं?"