खोडाला कचरा म्हणण्याआधी

मागच्या दिवाळीला पुण्याहून गावी जाताना आईसाठी हातमागाची सुती साडी घेतली. पावणेचार हजारांची. आईने पदर बोटांत धरून पाहिला, "छान आहे" म्हणाली आणि साडी कपाटात गेली. रोज ती सुरतेची सिंथेटिक नेसते. दर धुण्याला त्यातून प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, हे मी तिला समजावलं. आईचं माहेर धुळ्याकडचं; चिडली की अहिराणीत बोलते. "मनी साडी घडीभरमा वाळी जास," ती म्हणाली, "तुना शर्ट दोन दिन टांगेल ऱ्हास."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॉलिस्टरच्या धाग्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १९४१ साली घेतलं गेलं आणि आज जगात तयार होणाऱ्या धाग्यांत निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच आहे. हे काही नुसत्या जाहिरातींनी होत नाही. पटकन वाळणं, न चुरगळणं, तीनशे रुपयांत मिळणं, हे हाताने धुणं धुणाऱ्या बाईसाठी केवढं आहे, ते वॉशिंग मशीनवाल्याला उशिरा कळतं.

गंमत म्हणजे आमच्या वावरातच धागा उभा आहे. आम्ही यावल तालुक्यातले, केळीवाले. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं ते फळाचं. पण केळीचं खोड एकदाच घड देतं. घड कापला की त्याचं काम संपलं. मग शेजारचं पिल्लू वाढवायचं, म्हणजे पिलबाग. त्या कापलेल्या खोडाच्या सोपटात लांब, चिवट तंतू असतात. फुलांचे हार त्यानेच बांधायचे. आज तुम्ही आमच्या बागेत आलात तर घडाला निळी प्लॅस्टिकची पिशवी दिसेल, आणि वाऱ्याने झाड पडू नये म्हणून बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी. ज्याच्या अंगातच दोर आहे त्याला आम्ही प्लॅस्टिकने बांधतो.

दिवाळीनंतर महिन्याभराने एक जण घरी आला. त्याला केळीच्या धाग्याचं युनिट टाकायचं होतं. खोड उभं चिरायचं, सोपटं सुटी करून मशीनमध्ये घालायची, गर खाली पडतो, रस वाहून जातो, हातात ओला धागा उरतो. तो दोरीवर वाळवायचा. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे एका खोडामागे वाळलेला धागा शे-दोनशे ग्रॅम. म्हणून खोडं फुकट हवीत, असं त्याचं गणित. "तुमचा कचरा साफ होईल," तो म्हणाला. मी त्याच्या बाजूने लगेच बोलायला लागलो. असल्या विषयावर ऑफिसात प्रेझेंटेशन दिलंय मी.

नाना शांतपणे म्हणाले, "कचरा कोणी सांगितला?"

नाना खोडं तोडून ओळींमध्ये पसरतात. ती कुजतात, त्यातलं पालाश पिलबागेला मिळतं. खोड गेलं तर तेवढं खत दुकानातून आणावं लागणार. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून 'नोव्हेल' नावाचं द्रवखत तयार केलंय, म्हणजे नानांच्या 'कचऱ्या'ला गुजरातेत बाटलीत किंमत आहे. आता खरं सांगायचं तर शेजारच्या काकांना खोडं हलवायला उलट मजुरी मोजावी लागते, ते आनंदाने फुकट देतील. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. चुकलो मी, कारण नानांना न विचारता त्यांच्या वस्तूला नाव देऊन बसलो.

ही सवय मला शहरात लागली. कपड्यावर 'वनस्पतीजन्य' लिहिलं की पुढचे प्रश्न विचारायचे नाहीत. माझ्याकडे 'बांबू'चे दोन टी-शर्ट आहेत. असा बहुतेक कपडा प्रत्यक्षात व्हिस्कोस असतो: बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून पुन्हा ओढलेला धागा. त्यात वापरतात तो कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक. झाड खरं, पण कारखानाही खरा. केळीचा धागाही राठ असतो. तो अंगाला सोसेल असा मऊ करायला काहीतरी प्रक्रिया करावीच लागते.

आणि पॉलिस्टर म्हणजे नुसतं तेल-कंपन्यांचं पाप, असंही मला म्हणता येत नाही. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. खानदेशचा कापूस खानदेशात कातला-विणला जायचा. गिरण्या थांबल्या आणि तापी लाइनच्या गाडीत बसून कितीतरी घरं सुरतेला गेली. माझा मावसभाऊ लिंबायतला राहतो, लूमवर सिंथेटिक साड्या विणतो. आईच्या अंगावरची साडी त्याने विणलेली असू शकते. तीनशेची साडी बंद व्हावी असं मी म्हणतो तेव्हा त्याच्या पगाराचं काय, हे मी कुठल्याच स्लाइडवर लिहिलं नव्हतं. तरी ते तंतू पाण्यात जातातच. त्याच्या पगारामुळे ते थांबत नाहीत.

नानांनी त्या माणसाला अट घातली: खोडामागे पैसे, आणि गर-रस आमच्याच वावरात परत. मशीन बागेत आणा, ओलं खोड वाहून नेण्यात डिझेल कशाला जाळता? त्याने मोबाइलवर हिशेब केला. या भावाने धागा पुण्या-मुंबईत कोण घेणार, म्हणाला. मी विचारलं, कितीला पडेल? त्याने आकडा सांगितला. त्या धाग्याचा शर्ट माझ्या 'बांबू'च्या दुप्पट जात होता. मी घेईन असं म्हटलं नाही. कळवतो म्हणून तो गेला, अजून फोन नाही.

आखाजीला आईने ती सुती साडी नेसली. दुपारी बागेत जायची वेळ झाली तशी बदलून सुरतेची नेसली. केळीचा चीक लागला की डाग निघत नाही, म्हणाली, आणि ही तर पावणेचार हजारांची.