गॉटिंगेनला निघालेल्या नातीस

चि. सोनू,


गॉटिंगेनला गणिताच्या एम.एस्सी.ला तुला प्रवेश मिळाल्याचं तुझ्या बाबांनी कळवलं. फार आनंद झाला. व्हिसा, खोली, बँकेचं खातं यांची धावपळ तुम्ही करताच आहात, त्यात मी मध्ये पडत नाही. पण ज्या गावात तू दोन वर्षं राहणार, त्या गावावर विसाव्या शतकात काय गुदरलं ते निघण्याआधी तुला माहीत असावं, अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून हे लांबलचक पत्र. विमानात वाचलंस तरी चालेल.

गाव आपल्याला अगदीच परकं नाही. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले. जवळजवळ पंधरा वर्षं राहिले, आपल्याकडच्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण शिकले आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी काढलेली आवृत्ती आजही अभ्यासक वापरतात. ते परत गेले ते गॉटिंगेनच्या विद्यापीठात, आणि १९०८ साली तिथेच वारले. रा. गो. भांडारकरांना याच विद्यापीठानं १८८५ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली होती.

विद्यापीठ १७३७ सालचं. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हॅनोव्हरचाही अधिपती होता, त्याच्या नावानं ते निघालं. तेव्हापासून गाव विद्यापीठावरच जगत आलंय: खोल्या भाड्यानं देणारी घरं, पुस्तकांची दुकानं, प्राध्यापकांचे बंगले. जुन्या तटबंदीवरून गावाला फेरी मारता येते. चौकात हंस घेतलेल्या मुलीचा एक पुतळा आहे, १९०१ पासूनचा, आणि पीएच.डी. मिळाली की तिचा मुका घ्यायची तिथे रीत आहे. गावाच्या कारभाऱ्यांनी १९२६ साली त्यावर बंदी घातली होती, ती कुणी जुमानली नाही.

तू मात्र घरांच्या भिंती बघत चाल. कोण विद्वान कुठल्या घरात राहून गेला हे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या तिथे जागोजाग आहेत. नाव आणि राहिल्याची सालं, एवढंच. नाव वाचून पुढे जाऊ नकोस, सालंही वाच.

एक जुनी गोष्ट आधी सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. १८३७ साली हॅनोव्हरच्या नव्या राजानं राज्यघटना रद्द केली. सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू त्यांत होते. सातही जणांना काढून टाकलं, तिघांना तर राज्याबाहेर घालवलं. ‘गॉटिंगेनचे सात’ म्हणून ते जर्मनीभर नावाजले गेले. गावाला त्यांचा अभिमान होता, आजही आहे.

आता आपल्या विषयाकडे. फेलिक्स क्लाइन यांनी १८९५ मध्ये डेव्हिड हिल्बर्टना तिथे आणलं आणि पुढची अडतीस वर्षं गणित शिकायचं तर गॉटिंगेनला जायचं, असं जगभरची मुलं समजू लागली. १९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा जर्मनीतल्या त्र्याण्णव नामवंतांनी आपल्या सैन्याची बाजू घेणारं पत्रक काढलं. क्लाइननी सही केली. हिल्बर्टनी केली नाही. १९१७ साली, युद्ध चालू असताना, त्यांनी दार्बू या फ्रेंच गणितज्ञावर मृत्युलेख लिहिला. शत्रूच्या माणसाचं कौतुक! विद्यार्थी घरापुढे जमले, लेख मागे घ्या म्हणाले. हिल्बर्ट हटले नाहीत.

त्याच युद्धाच्या काळात एमी नोएथर तिथे आल्या. प्रशियाच्या नियमाप्रमाणे बाईला अध्यापनाचा अधिकार नव्हता. रणांगणावरून परतलेल्या सैनिकांनी एका बाईपुढे शिकायला बसायचं का, असं काही प्राध्यापक विचारत होते. त्यावर हिल्बर्ट कडाडले, की हे विद्यापीठ आहे, स्नानगृह नव्हे. तरी नियम नियमच. वेळापत्रकात व्याख्यान हिल्बर्टांच्या नावानं लागायचं आणि शिकवायच्या नोएथर. निसर्गातल्या प्रत्येक अखंड (कंटिन्युअस) सममितीमागे एखादी राशी अक्षय राहते, हे त्यांचं प्रमेय १९१८ च्या जुलैत तिथल्या विद्वत्सभेपुढे मांडलं गेलं, तेही क्लाइन यांच्या मुखातून. नोव्हेंबरात कैसर गेला, प्रजासत्ताक आलं, बायकांना मताचा हक्क मिळाला, आणि १९१९ मध्ये नोएथरना स्वतःच्या नावानं शिकवायची परवानगी मिळाली. बर्लिनमधली क्रांती गॉटिंगेनच्या वेळापत्रकात अशी उतरली.

नंतरची चौदा वर्षं फार मोठी होती. माक्स बॉर्न आणि जेम्स फ्रांक १९२१ मध्ये भौतिकशास्त्राला आले. १९२२ च्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी तिथे व्याख्यानं दिली आणि विशीतला हायझेनबर्ग उठून त्यांना अडवू लागला. बोर त्याला घेऊन टेकडीवर फिरायला गेले. १९२५ मध्ये हायझेनबर्गनं आकडेमोड आणून दिली, आणि या तर मॅट्रिक्स आहेत हे बॉर्नच्या ध्यानात आलं. नवी क्वांटम यामिकी तिथून सुरू झाली. पुढे अणुबाँबच्या कामाचा प्रमुख झालेला ओपनहायमर १९२७ मध्ये बॉर्नच्याच हाताखाली डॉक्टर झाला. अमेरिकेतल्या रॉकफेलरांच्या पैशानं आणि रिचर्ड कूरंटच्या खटपटीनं गणितसंस्थेची नवी इमारत १९२९ मध्ये उभी राहिली. तुझे वर्ग तिथेच भरतील.

पण हे सगळं चालू असताना गाव हळूहळू दुसरीकडे झुकत होतं, हेही तुला सांगायला हवं. नाझी पक्षाला तिथे देशाच्या सरासरीहून जास्त मतं पडत होती आणि विद्यार्थ्यांच्या संघटनेत तर त्या पक्षानं आधीच जम बसवला होता. बाहेरून कुणी येऊन एका रात्रीत गाव बिघडवलं, असं झालेलं नाही.

७ एप्रिल १९३३ रोजी सरकारी नोकरांबद्दलचा कायदा आला. ज्यूंना नोकरीतून काढायचं. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना आणि १९१४ च्या आधीपासून नोकरीत असलेल्यांना तेवढी सूट. फ्रांक यांना सूट होती. त्यांना युद्धात शौर्यपदक मिळालं होतं, नोबेलही मिळालं होतं. त्यांनी १७ एप्रिलला राजीनामा दिला आणि कारण वर्तमानपत्रात छापून आणलं: आपल्या ज्यू बांधवांना जी वागणूक मिळते आहे ती पाहता ही सवलत आपल्याला नको. आठवड्याभरात विद्यापीठातल्या बेचाळीस अध्यापकांनी पत्रक काढलं. फ्रांकच्या पाठिंब्याचं नव्हे, त्यांच्या निषेधाचं! राजीनाम्यामुळे परदेशात जर्मनीची बदनामी होते, हा घातपात आहे, असं त्यात होतं. ते वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. सातांच्या गावात या वेळी उघडपणे उठला तो एकटा माणूस, आणि त्याच्यावर उठले ते त्याचेच बेचाळीस सहकारी.

२५ एप्रिलला बॉर्न, कूरंट आणि नोएथर यांना रजेवर पाठवल्याची बातमी आली. बॉर्नना ती वर्तमानपत्रातून कळली. १० मे रोजी विद्यार्थ्यांनी चौकात पुस्तकं जाळली. नोएथर घरीच मुलांना शिकवत राहिल्या. त्यांतला एक जण नाझी पथकाचा गणवेश घालून यायचा, आणि त्या त्यालाही शिकवायच्या.

एक दिवस तुला जवळून दाखवतो. २ नोव्हेंबर १९३३. एडमुंड लांडाऊ हे संख्या-सिद्धांतातलं, म्हणजे तुमच्या नंबर थिअरीतलं, फार मोठं नाव. ते १९०९ पासून तिथे होते, म्हणून कायद्यानं त्यांना सूट होती. उन्हाळ्यात त्यांच्या जागी सहायकानं शिकवलं. या सत्रात ते स्वतः पहिल्या वर्षाला कलनशास्त्र शिकवायला निघाले. वर्गाबाहेर शंभरेक मुलं उभी होती. दाराशी गणवेशातली पोरं. लांडाऊंना त्यांनी आत जाऊ दिलं. आत एकच विद्यार्थी बसला होता. लांडाऊ परत आपल्या खोलीत आले. थोड्या वेळानं बहिष्काराचा म्होरक्या त्यांना भेटायला आला आणि त्यानं अगदी सभ्यपणे समजावून सांगितलं, की तुमच्या ज्ञानाबद्दल शंका नाही, पण जर्मन मुलांच्या मनाची घडण ज्यू शिक्षकाच्या हातात आम्हाला नको. लांडाऊ म्हणाले, हे लिहून द्या. त्यानं लिहून दिलं. लांडाऊंनी निवृत्ती घेतली.

त्या मुलाचं नाव ओस्वाल्ड टाइशम्युलर. वय वीस. पुढेमागे तुझ्या पुस्तकात टाइशम्युलर अवकाश येईल, तो याचाच. विलक्षण बुद्धीचा मुलगा होता, आणि तीस वर्षांचा असताना, १९४३ मध्ये, रशियाच्या आघाडीवर गेला तो परत आला नाही. त्याचं गणित तू मन लावून शीक. ज्या दाराबाहेर तो उभा होता तेही लक्षात ठेव. ती शंभर मुलं तुझ्याच वयाची होती. त्यांतल्या प्रत्येकाला लांडाऊंचा तिरस्कार वाटत होता असं मला वाटत नाही. पण आत जाऊन बसला तो एकच.

मग पांगापांग झाली. नोएथर अमेरिकेत ब्रिन मॉरला गेल्या आणि दोनच वर्षांत वारल्या. कूरंट न्यूयॉर्कला गेले, तिथली गणितसंस्था आज त्यांच्या नावानं ओळखली जाते. बॉर्न केंब्रिजला गेले, मधे १९३५-३६ च्या हिवाळ्यात रामन यांच्या बोलावण्यावरून बंगळुरूला राहिले. तिथे कायमची जागा काही झाली नाही आणि ते एडिंबरोला गेले. आपण त्यांना ठेवून घ्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. मागे राहिले ते म्हातारे हिल्बर्ट. गणित कसं चाललंय असं शिक्षणमंत्र्यानं एका मेजवानीत विचारलं, तेव्हा ते आता इथे उरलेलंच नाही, असं ते म्हणाल्याची आठवण सांगतात. १९४३ च्या फेब्रुवारीत ते गेले. अंत्ययात्रेला मोजकी माणसं होती.

१९३८ मध्ये गावातलं सिनेगॉग जाळलं, त्या जागी आज स्मारक आहे. ते चुकवू नकोस. बाँबहल्ल्यांत गाव बरंचसं वाचलं आणि ८ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य न लढताच आत आलं. त्या उन्हाळ्यात शिकागोत फ्रांक एका समितीचे प्रमुख होते. जपानवर सूचना न देता अणुबाँब टाकू नका, असं त्या समितीनं अमेरिकी सरकारला लेखी कळवलं होतं. ऐकलं गेलं नाही. त्यांचे जुने मित्र ओटो हान, ज्यांनी युरेनियमचं विखंडन शोधलं, तेव्हा इंग्लंडात नजरकैदेत होते. सुटल्यावर ते आणि हायझेनबर्ग गॉटिंगेनलाच आले. गाव ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, रशियनांची हद्द पूर्वेला हाकेच्या अंतरावर. जवळच फ्रीडलांडला निर्वासितांची छावणी उघडली. रशियात अडकलेले शेवटचे जर्मन युद्धकैदी १९५५-५६ मध्ये परतले ते तिथेच. पुढच्या काळातही लाखो माणसं त्या छावणीतून गेली.

१२ एप्रिल १९५७ ला अठरा शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जर्मन सैन्याला अण्वस्त्रं देण्याचा विचार सरकारनं सोडावा आणि आपण तरी ती बनवण्यात, तपासण्यात, वापरण्यात कसलाही हात लावणार नाही. हान, हायझेनबर्ग होते, माक्स बॉर्नही होते. लोक त्यांना ‘गॉटिंगेनचे अठरा’ म्हणू लागले, जुन्या सातांची आठवण ठेवून. जर्मनीनं स्वतःची अण्वस्त्रं कधीच केली नाहीत. गावच्या दफनभूमीत हान यांच्या दगडावर विखंडनाचं सूत्र आहे आणि बॉर्न यांच्या दगडावर त्यांचं क्वांटमचं समीकरण. दोन्ही तुला वाचता येतील.

१९५३ मध्ये गावानं बॉर्न, फ्रांक आणि कूरंट यांना मानद नागरिक केलं. तिघांनीही ते स्वीकारलं. मी त्यांच्या जागी असतो तर स्वीकारलं असतं का, माहीत नाही. तिघांपैकी कुणीही गॉटिंगेनला पुन्हा राहायला मात्र गेलं नाही. बॉर्न जर्मनीत परतले तेही दुसऱ्या गावी. फ्रांक १९६४ च्या मेमध्ये जुन्या मित्रांना भेटायला तिथे गेले होते, आणि त्या भेटीतच गॉटिंगेनमध्ये त्यांचा अंत झाला.

तू पोचलीस, स्थिरस्थावर झालीस, की माझं एक काम कर. लांडाऊंचा तो वर्ग कुठल्या खोलीत भरणार होता, ते संस्थेत कुणा जुन्या माणसाला विचार आणि मला कळव. जाड कोट इथून घेऊ नकोस, तिकडचाच घे. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा,
आजोबा