रुमालातले पूर्वज

कुलवृत्तांत लिहायला घेणाऱ्याच्या मनात बहुधा एक घोडेस्वार असतो. पानिपतावर पडलेला, निदान पेशव्यांच्या पदरी असलेला. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात किंवा इतिहासकार राजवाड्यांनी 1910 साली उभारलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुन्या कागदांचा रुमाल सुटला, की भेटतो तो भलताच: पाटीलकीचा वडीलपणा कोणाचा यावरून सख्ख्या भावाशी भांडणारा.

यात नवल नाही. घराण्यांनी कागद जपले ते आठवणीसाठी नव्हे, वतनासाठी. गोतसभेचा महजर झाला, निवाडा झाला, पुढे 1852 नंतर इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करायची वेळ आली, तेव्हा वंशावळ लिहून द्यावी लागली. म्हणजे वंशावळ हा दाव्यातला पुरावा. पुराव्यात सोयीची फांदी ठळक होते, नकोशी गळते. जुन्या कागदावर आहे म्हणून ती खरी, असे धरून चालणारे वंशज मला भाबडे वाटतात.

शोधतानाही आडनाव फारसे कामाला येत नाही. मोडी लिपीत आधी लांबलचक रेघ ओढलेली, खाली अक्षरे एकमेकांत गुंतलेली, शब्द तोडलेले नाहीत. त्यातून ‘संताजी बिन राणोजी’ एवढेच हाती लागते. आडनावाच्या जागी पुष्कळदा हुद्दा असतो. गाव आणि परगणा ठाऊक असेल तर वाट सापडते. कागदावरचे साल अरबी शब्दांत असते: ‘सीत सितैन मया व अलफ’ म्हणजे 1166. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1765 येतो. जानेवारी ते मे महिन्यांतला कागद असेल तर 600 मिळवायचे. एवढे गणित आठवडाभरात अंगवळणी पडते. मोडीला मात्र महिने लागतात.

बायका वंशावळीत जवळपास नाहीतच. पण नवऱ्यामागे दत्तक घेण्यावरून तंटा झाला, की तीच बाई अर्जात ठसठशीत उभी राहते. महारांचे वतन होते म्हणून त्यांची नावे गावच्या कागदांत आढळतात. ज्याच्याकडे वतनही नव्हते आणि तंटाही नव्हता, तो बहुधा सापडतच नाही, आणि ही उणीव कितीही रुमाल सोडले तरी भरून येणारी नाही.

म्हणून वृत्तांत छापाल तेव्हा सनदेच्या फोटोशेजारी हरलेला तंटाही छापा, आणि सुनांची माहेरची नावे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून घ्या.