आधीच्या मालकाची दुरुस्ती

जुनी वस्तू विकत घेतली की तिच्याबरोबर आधीच्या मालकाची करणीही आपल्या घरी येते. त्याने काय नीट केले, काय अर्धवट सोडले आणि काय झाकून ठेवले, हे आपल्याला हळूहळू कळते. कधी पहिल्या पावसात कळते, कधी भिंतीचा गिलावा निघाल्यावर कळते. अशा झाकलेल्या कामाची नैतिक जबाबदारी कोणाची आणि किती, हा प्रश्न आज आपण एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या आधाराने तपासून पाहू या. उदाहरण दूरचे, इंग्लंडमधले आहे. पण त्या गाडीचे एक भावंड आपल्याही रस्त्यांवर धावलेले आहे.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९६२ ते १९८० या काळात 'ट्रायम्फ स्पिटफायर' नावाची दोन आसनी, उघड्या छपराची गाडी तयार होत असे. तिचे देखणे रूप जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने रेखाटले होते. अशा तीन लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि आजही हौशी लोक त्या विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करत बसतात. स्पोर्ट्स कार असली तरी तिच्या पुढच्या चाकांची मांडणी 'ट्रायम्फ हेराल्ड' या साध्या कौटुंबिक गाडीवरून घेतलेली होती. हीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासच्या कारखान्यात 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने तयार होऊ लागली. आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना ती नक्कीच आठवत असेल.

या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये एक छोटा पण महत्त्वाचा सांधा आहे. चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर बसते, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते टोक ब्राँझच्या एका तुकड्यात स्क्रूप्रमाणे बसवलेले असते. त्या तुकड्याला 'ट्रनियन' म्हणतात. स्टिअरिंग वळवले की दांडा त्या आट्यांत फिरतो. म्हणजे चाक वळणे आणि चाक जागेवर राहणे, दोन्ही गोष्टी त्या आट्यांवर अवलंबून असतात. या सांध्याला घट्ट ग्रीस चालत नाही, पातळ गिअर ऑइल लागते. तेल आट्यांत झिरपते आणि पाण्याला बाहेर ठेवते. ग्रीस मात्र तिथवर नीट पोहोचत नाही, वाळते, आणि आत शिरलेले पाणी तिथेच राहते. पोलाद गंजते, त्याला बारीक तडा जातो, आणि एक दिवस गाडी वळवताना दांडा मोडून चाक आडवे पडते. हे बहुधा कमी वेगात, गाडी लावताना घडते. पण ते भर रस्त्यातल्या वळणावर घडणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

आता अशी गाडी विकत घेतलेला माणूस चाके काढून खाली वाकतो तेव्हा त्याला काय दिसते? सांध्यावर बाहेरून भरपूर, चकचकीत ग्रीस फासलेले. झिजलेल्या रबरी बुशच्या जागी पाण्याच्या नळीचा कापलेला तुकडा. मूळ बोल्टऐवजी जवळपासच्या मापाचा कुठलातरी बोल्ट. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून कापलेली स्प्रिंग. डाव्या बाजूला एक शॉकअब्सॉर्बर, उजव्या बाजूला दुसऱ्याच जातीचा. आणि या सगळ्यावर काळ्या रंगाचा जाड हात. विकत घेताना हाच काळा रंग पाहून त्याला वाटले होते की गाडीची निगा चांगली राखलेली आहे.

त्याला राग येतो. तो राग स्वाभाविक आहे. पण त्यात नेमके चुकीचे काय घडले, हे थोडे शांतपणे पाहायला हवे. गाडी जुनी होती, ती झिजणारच. झिजलेला बुश हा कोणाचा अपराध नाही. झिजलेला बुश खडखडतो, गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग थरथरते. तो खडखडाट म्हणजे गाडीने मालकाला दिलेली सूचना असते. नळीचा तुकडा घातल्याने झीज थांबत नाही, फक्त आवाज थांबतो. निष्काळजीपणे न केलेल्या दुरुस्तीपेक्षा निष्काळजीपणे केलेली दुरुस्ती अधिक घातक ठरते, ती यामुळेच. दोष तसाच राहतो आणि पुढच्या माणसाला मिळणारा इशारा मात्र काढून घेतला जातो.

तरीही आधीच्या मालकाला सरसकट फसवा ठरवणे न्यायाचे होणार नाही. काळ्या रंगाखाली तीन वेगवेगळी माणसे असू शकतात. पहिला अजाण. तेलाच्या जागी ग्रीस भरणाऱ्या माणसाला आपण गाडीची काळजीच घेत आहोत, असे वाटत असते. त्याने हात काळे केले, वेळ दिला, आणि प्रामाणिकपणे चुकीचे काम केले. दुसरा अडचणीत सापडलेला. खरा सुटा भाग मिळेना, खिशात पैसे नाहीत, सकाळी कामावर जायचे आहे. त्याने एक जुगाड केला आणि 'पुढच्या महिन्यात नीट करू' असे ठरवले. तो महिना आलाच नाही. तिसरा मात्र जाणूनबुजून करणारा. त्याला तडा दिसला होता. त्याने तो भरला, रंगवला, आणि मग विक्रीची जाहिरात दिली.

लोखंडाकडे पाहून यांतला कोणता माणूस आपल्या वाट्याला आला, हे बहुधा कळत नाही. म्हणून कामाला वाईट म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे, पण माणसाच्या हेतूचा निवाडा करताना हात आखडता घ्यावा. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवू या. दुसऱ्या माणसाचा जुगाड हा मुळात अपराध नव्हता. अडचणीतून वाट काढणे हे गरिबाचे शहाणपणही असते. गाडी विकताना त्याने त्या जुगाडाविषयी तोंड मिटले, तेव्हा तो तिसऱ्या माणसाच्या रांगेत जाऊन बसला.

'पण विचारायचे काम घेणाऱ्याचे नाही का?' असे कोणी म्हणेल. कायदा बऱ्याच अंशी असेच म्हणतो. 'घेणाऱ्याने सांभाळून घ्यावे' हे तत्त्व आपल्याकडच्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही काही अपवादांसह आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावर चालवण्यास धोकादायक असलेली गाडी विकणे हा गुन्हा आहे. पण दुकानदाराच्या मालाला लागू होणारी समाधानकारक दर्जाची अट दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहाराला लागू होत नाही. शिवाय मे २०१८ पासून तेथे चाळीस वर्षांहून जुन्या आणि फार मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाही. प्रत्येक स्पिटफायर आता त्या वयाच्या पुढे गेली आहे. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहेच. पण वर्षातून एकदा खाली वाकून पाहणारा परका डोळा असेलच असे नाही. जिथे तपासनीस नसतो, तिथे सदसद्विवेकबुद्धीलाच कंदील घेऊन खाली वाकावे लागते.

हा वाद नवा नाही. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांविषयी ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दोन तत्त्वज्ञांचा मतभेद मांडला आहे. एका माणसाला आपले घर विकायचे आहे. घराचे लाकूड कुजके आहे, खोल्यांत सापकिरडू निघतात, पण हे मालकाशिवाय कोणालाच ठाऊक नाही. त्याने सांगावे का? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो की घेणाऱ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, आणि न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो की घेणाऱ्याला सर्व काही कळले पाहिजे. चुकीच्या वाटेला लागलेल्याला वाट न दाखवण्यासारखेच हे आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. आपण गप्प बसतो म्हणजे दर वेळी लपवतो असे नाही, हे त्यालाही मान्य आहे. पण ज्याला ती माहिती कळणे हिताचे आहे, त्याला ती आपल्या फायद्यासाठी कळू न देणे, याला तो लपवणेच म्हणतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न अधिक बारकाईने सोडवला. खरेदी-विक्रीतील लबाडीवर त्यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्याला एकच डोळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसते; योग्य किंमत कमी केली म्हणजे विक्रेत्याने ते ओरडून सांगण्याची गरज नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. न सांगता केलेली विक्री फसवणुकीची ठरते आणि भरपाई द्यावी लागते. ज्या विक्रेत्याला दोष ठाऊकच नव्हता, त्याच्या माथी ते पाप मारत नाहीत. मात्र दोष कळल्यावर त्यानेही नुकसान भरून द्यावे, असे ते सांगतात. वरच्या तीन मालकांना लावायला यापेक्षा चांगले माप सापडणे कठीण. गंजलेले मडगार्ड हा एकाक्ष घोडा आहे. ग्रीसखालचा तडा तसा नाही.

'चोरी करू नको' या आज्ञेचा अर्थ सांगताना १९९२ च्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही कर चुकवणे आणि खोटी बिले करणे यांच्याच पंक्तीत निकृष्ट दर्जाचे काम ठेवले आहे. पहिल्यांदा वाचताना याचे आश्चर्य वाटते. वाईट काम ही चोरी कशी? पण स्पिटफायरच्या चाकाशेजारी उकिडवे बसले की ते पटते. घेणाऱ्याने मजबूत सांध्याचे पैसे मोजले आणि त्याला रंग मिळाला. मधली रक्कम कोणाच्या तरी खिशात गेली.

आणि यात पैशापेक्षा मोठी गोष्ट गुंतलेली आहे. समजा, घेणारा म्हणाला, 'मला सगळे चालेल, जशी आहे तशी द्या.' आपल्यापुरता धोका पत्करायला तो मोकळा आहे. पण शेजारच्या आसनावर त्याची मुलगी बसणार आहे. समोरून सायकलवरून कोणी येणार आहे. त्यांनी या व्यवहारावर सही केलेली नाही. वस्तू रस्त्यावर येते तेव्हा तिच्या दुरुस्तीत अनोळखी माणसांचा हिस्सा असतो. ती माणसे आपल्याला कधी भेटणार नाहीत, जाब विचारणार नाहीत, आभारही मानणार नाहीत. शेजारी कोण, हा प्रश्न आपण नेहमी ऐकतो. आपण आवळलेल्या बोल्टच्या भरवशावर जो चालला आहे, तोही आपला शेजारीच.

आता पुन्हा नव्या मालकाकडे वळू या, कारण खरी परीक्षा त्याची आहे. काल त्याला काही ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. त्याच्यासमोर तीन वाटा आहेत. खर्च सोसून सांधा नीट करावा, जुना दांडा फेकून नवा बसवावा आणि यापुढे तेल घालत राहावे. ते जमत नसेल तर गाडी उभी करून ठेवावी, किंवा सर्व दोष सांगून कमी किमतीत विकावी. तिसरी वाट सर्वांत सोपी आहे: ग्रीस पुन्हा फासायचे, रंगाचा आणखी एक हात द्यायचा आणि 'मला जशी मिळाली तशीच मी दिली' असे स्वतःला समजवायचे. फसवला गेलेला माणूस फसवणारा होतो तो याच वाक्याने. 'तशीच दिली' हे खरेही नसते. त्याला ती न कळता मिळाली होती, तो ती कळून देत आहे. आपले नुकसान झाले म्हणून ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. आधीच्या मालकाला शोधून काढून भरपाई मागणे रास्त आहे. पुढच्याकडून ती वसूल करणे रास्त नाही.

खरे बोलण्याची किंमत असते, हे मान्य करायला हवे. दोष सांगितला की गिऱ्हाईक मागे सरते किंवा भाव पाडते. घरात पैशाची निकड असेल तेव्हा हा तोटा सोसणे सोपे नसते आणि त्याला कोणी सोपे म्हणू नये. पण न सांगता मिळालेले ते जास्तीचे पैसे आपले नव्हतेच. ते नसलेल्या मजबुतीचे होते.

आपल्या घरांतही अशी काळ्या रंगाखालची कामे असतात. घर विकण्याआधी ओलीवर मारलेला रंग, भिंतीत दडवलेली वायरची उघडी गाठ, गळक्या टाकीवरचे तात्पुरते सिमेंट. सगळे आजच दुरुस्त करणे कोणालाच परवडणार नाही. पण लिहून ठेवणे सर्वांना परवडते. तात्पुरते काम केले तर त्या जागेवर किंवा वहीत तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात: काय केले, काय बाकी आहे, कशाकडे लक्ष ठेवावे. वस्तू दुसऱ्याकडे जाईल तेव्हा ती वही तिच्याबरोबर जावी. या आठवड्यात आपण प्रत्येकाने घरातले असे एक काम आठवून पाहू या आणि आपल्यानंतर ते ज्याच्या हाती जाणार आहे, त्याच्यासाठी त्या दोन ओळी लिहू या.