न जाचणारे बंधन

'बंधन' हा शब्द आपल्या भाषेत दोन तोंडांनी बोलतो. राखी बांधली की ते रक्षाबंधन होते, आणि गळ्यात दावे पडले की तेच बंधन गुलामीचे होते. घरातल्या शिस्तीला मुले बंधन म्हणतात आणि कुरकुरतात; तीच मुले पुढे संसारात पडली की 'आमच्या घरी वळण होते' असे अभिमानाने सांगतात. मग चांगले बंधन कोणते आणि वाईट कोणते? ते घट्ट आहे की सैल, यावरून हे ठरते का? की बांधणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे पुरे? या प्रश्नासाठी ग्रंथ उघडण्याआधी आपण एक साधी वस्तू पाहू. मोटारीत आपल्या खांद्यामागे, दोन दारांमधल्या खांबात, ती दडवून बसवलेली असते.

मोटारीचा सुरक्षापट्टा, म्हणजे ज्याला आपण सारे सीटबेल्टच म्हणतो तो, ओढला की सरसर बाहेर येतो आणि सोडला की आपोआप आत जातो. हे काम करणाऱ्या भागाला रिट्रॅक्टर म्हणतात. त्यात एक रीळ असते आणि पट्टा त्यावर गुंडाळलेला असतो. रिळाच्या एका अंगाला चावीच्या घड्याळात असते तशी चपट्या पातीची गुंडाळीदार स्प्रिंग असते. पट्टा ओढला की स्प्रिंगला पीळ बसतो. सोडला की तो पीळ उलगडतो आणि रीळ उलटे फिरून पट्टा आत घेते. दुसऱ्या अंगाला दातेरी चाक आणि त्यात अडकणारा खटका असतो. त्याच्याजवळच्या खोलगट वाटीत बहुधा एक पोलादी गोळी ठेवलेली असते. गाडी एकाएकी थबकली किंवा कलंडली, की जडत्वामुळे गोळी वाटीतून सरकते, खटका उचलला जातो आणि रीळ जागच्या जागी घट्ट होते. पट्ट्यालाच अचानक हिसका बसला तरी ते अडते. सावकाश वाकाल तर तो तुमच्याबरोबर येईल. हिसडा द्याल तर येणार नाही.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. खरी अडचण पुढे आहे. स्प्रिंग जितकी पिळावी तितकी तिची ओढ वाढते. म्हणजे पट्टा अंगावर घेतलेला असतो, पुष्कळसा बाहेर असतो, तेव्हाच ती सर्वांत जोराने ओढू पाहते. शिवाय रिळावरचे वेढे कमी झालेले असल्याने तोच पीळ पट्ट्याला अधिक जोराने ओढतो. नेमके याच वेळी छातीवर दाब नको असतो. उलट पट्टा काढून सोडला, की शेवटच्या वीतभर लांबीला स्प्रिंग सैलावलेली असते, रिळावर वेढे भरलेले असतात, आणि बकलात अडकणाऱ्या धातूच्या जिभेचे वजन मात्र ओढून वर न्यायचे असते. जिथे जोर हवा तिथे तो उणा पडतो आणि जिथे नको तिथे उतू जातो. निसर्गनियमच असा उफराटा आहे. म्हणून आखूड, ताठर स्प्रिंगऐवजी लांब, पुष्कळ वेढ्यांची आणि आधीच थोडा पीळ देऊन ठेवलेली स्प्रिंग घालतात. तिची ओढ आरंभापासून शेवटपर्यंत त्यातल्या त्यात सारखी राहते. काही गाड्यांत तर बक्कल लागताच ओढ कमी करणारी निराळी योजनाही असते.

ही ओढ किती असावी, याचाही नियम आहे. युरोपात पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानकानुसार छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याची ओढ १ न्यूटनहून कमी आणि ७ न्यूटनहून जास्त असता कामा नये. आपल्या तराजूच्या भाषेत सांगायचे तर सुमारे शंभर ग्रॅमपासून सातशे ग्रॅमपर्यंत. खालची मर्यादा आपण समजू शकतो. पट्टा सैल पडू नये म्हणून ती आहे. पण वरची मर्यादा कशासाठी? जास्त ओढणारा पट्टा काही कमी सुरक्षित नसतो. ती मर्यादा केवळ माणसाला जाच होऊ नये म्हणून घातली आहे. ज्याला वाचवायचे त्याच्या सुखाचाही हिशेब नियमात धरला गेला, ही मला नीतिशास्त्रातली लहान गोष्ट वाटत नाही.

कारण हा जाच आरंभी फार होता. आज सर्वत्र दिसणारा, कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील अभियंते निल्स बोलिन यांनी तयार केला आणि १९५९ साली तो गाड्यांतून आला. त्याआधी हे गृहस्थ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत. पट्ट्याचे पेटंट कंपनीने इतरांनाही खुले ठेवले, हे तिचे औदार्य नमूद करायला हवे. पण त्या काळच्या पट्ट्याला रीळ नव्हते. तो हाताने बेतून घ्यावा लागे. घट्ट केला तर समोरच्या कप्प्यापर्यंत हात पोचेना. सैल केला तर पट्टा असून नसल्यासारखा. वापर नसला की तो पायात लोळे, दारात अडके. शोध प्राण वाचवणारा होता. पण सवयीचा व्हायला त्याला आपोआप गुंडाळणाऱ्या रिळाची जोड मिळावी लागली.

माणूस आपण होऊन पट्टा लावीत नाही म्हटल्यावर अमेरिकेत दोन उपाय झाले, आणि दोन्ही मुळातून पाहण्यासारखे आहेत. पहिला सक्तीचा. १९७४ च्या मॉडेलच्या नव्या गाड्यांत पुढे बसणाऱ्यांनी पट्टा लावल्याखेरीज इंजिनच सुरू होऊ नये, अशी योजना सरकारी नियमाने आली. शेजारच्या आसनावर बाजारहाटाची जड पिशवी ठेवली तरी गाडी तिलाच माणूस समजून अडून बसे. लोक इतके चिडले, की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथल्या संसदेने कायदा करून ही सक्तीच रद्द केली. दुसरा उपाय लाडाचा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या अनेक गाड्यांत पट्टा थोडा ओढून सोडला की तसाच सैल राहण्याची सोय झाली, खिडकीवरचा गुंडाळीचा पडदा मध्येच थांबवावा तशी. छातीवरचा दाब गेला, पण त्या जागी ढिलाई आली. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. ती आदळून थांबायला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागतो. एवढ्या अवधीत दहा सेंटिमीटरची ढिलाई म्हणजे शरीर तितके अंतर आधाराविना पुढे फेकले जाणे होय. पहिल्या उपायाने माणसाला आडमुठे जनावर मानले. दुसऱ्याने त्याला खूश ठेवले आणि त्याचे रक्षण करायचे राहून गेले.

आम्हां शिक्षकांना ही दोन्ही टोके चांगली परिचयाची आहेत. एका वर्गात छडी असते. तिथे शांतता असते आणि गुरुजींची पाठ वळताच गोंधळ असतो. दुसऱ्या वर्गात 'मुलांना मोकळे सोडावे' या नावाखाली कोणी कोणाला विचारीत नाही. तिथे परीक्षेच्या महिन्यात हिसका बसतो आणि मूल सरळ पुढे आपटते. चांगल्या शिक्षकाची ओढ सतत असते, पण हलकी. वही पाहिली जाते, गैरहजेरीची विचारपूस होते, आणि मूल खरोखरीच घसरू लागले की तेवढ्यापुरता हात घट्ट होतो. आईबापांचेही तसेच. परगावी शिकायला गेलेल्या मुलीला तासातासाला फोन करणे हे प्रेम नव्हे, आणि महिनामहिना न करणे हा विश्वास नव्हे.

तरी एक आक्षेप उरतोच. प्राण माझा आहे. तो धोक्यात घालायचा की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? आगरकरांच्या पिढीने ज्याला आदराने वाचले त्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला. त्यात मोडकळीस आलेल्या पुलाचे उदाहरण आहे. पूल पडणार हे ज्याला ठाऊक नाही आणि सांगायला अवधी नाही, त्याला धरून मागे ओढले तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही. नदीत पडण्याची त्याची इच्छाच नव्हती. पण धोका ठाऊक असलेल्याला सावध करून सोडावे, असेच मिलचे मत आहे. पट्टा न लावणाऱ्याला धोका ठाऊक असतोच की! मला वाटते, उत्तर येथे आहे: मागे बसलेला माणूस पट्ट्याविना असला तर आदळताना तो पुढच्यावर जाऊन पडतो. आणि घरी वाट पाहणारे असतात ते वेगळेच. आपला प्राण आपल्या एकट्याच्या खात्यात जमा नसतो.

आपल्याकडे पुढच्या आसनांना पट्टे बसवणे १९९४ पासून आवश्यक झाले, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा असा नियम असताना तो फारसा कोणी मनावर घेत नव्हते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले, तेव्हा देशभर चर्चा झाली. आणि तरीही, गाडीने आठवणीचा आवाज करू नये म्हणून बकलात खोचायच्या नुसत्या क्लिपा बाजारात खपतच होत्या. २०२३ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आंतरजालावरच्या पाच विक्रीस्थळांना त्या काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. पैसे मोजून आपणच आपल्याला फसवायचे, याला स्वातंत्र्य म्हणता येईल का?

येथे उलट बाजूने एक शंका घेता येईल. जे बंधन जाणवतच नाही, तेच अधिक भयंकर नव्हे काय? गोड बोलून बांधणारे काही कमी नसतात. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही याच पट्ट्यात आहे. वर सांगितलेल्या मानकात बकलाच्या बटणाविषयी दोन अटी आहेत. ते लाल रंगाचे असावे आणि बकलाचा दुसरा कोणताही भाग त्या रंगाचा नसावा. आणि आदळण्याची चाचणी झाल्यावरही ते दाबायला ६० न्यूटनहून, म्हणजे सुमारे सहा किलो वजनाहून, अधिक जोर लागू नये. सुटकेची जागा लपवलेली नाही. अंधुक उजेडातही दिसावी अशी ठेवली आहे, आणि संकटानंतर हात थकलेला असला तरी उघडावी अशी. जे बंधन सुटकेची कळ बांधल्या गेलेल्याच्या हाताशी ठेवते, ते हलके असले म्हणून फसवे ठरत नाही.

तेव्हा बंधनाची परीक्षा त्याच्या घट्टपणावरून किंवा सैलपणावरून होत नाही. ते नेहमी अंगाशी असते का, साध्या हालचालीला वाट देते का, संकटात धरते का, आणि सोडवायची कळ कोणाच्या हाती आहे, एवढे चार प्रश्न विचारावेत. घराला विचारावेत, शाळेला विचारावेत, सरकारलाही विचारावेत. हेतू शुद्ध आहे, एवढ्यावर बांधणाऱ्याची सुटका होत नाही. जाच कमी करणे हेही त्याचेच कर्तव्य आहे. आणि ते त्याने केले, की पट्टा ओढून लावणे हे आपले.

या दिवाळीत गाड्या भरून आपण पाहुण्यांकडे जाल. पट्टा सोडल्यावर तो रेंगाळत आत जात असेल तर तो बहुधा मळला आहे. पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि वाळल्यावरच आत सोडा. तरीही रेंगाळला तर मेकॅनिकला दाखवा. छातीवर टोचतो म्हणून त्याला कपड्याचा चिमटा लावून सैल ठेवू नका. आणि मागच्या आसनावर फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या आजींनाही पट्टा लावून द्या. त्या नको म्हणतील, पण हळूच लावलात तर लावू देतील.